देवाची करणी आणि एक पिवळा दिवा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. नातवाच्या वाढदिवसासाठी आम्ही दोघं भल्या सकाळी पुण्याला निघालो होतो. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर काढली आणि समोरच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार, खाली बारीक दाते आणि मध्ये एक उद्गारचिन्ह. मुलांच्या निबंधांतली नको असलेली उद्गारचिन्हं लाल शाईने खोडण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. हे काही खोडता येईना.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, टायरमध्ये हवा कमी असल्याचा दिवा आहे तो. थंडीत लागतो कधीकधी. या हळूहळू, इथे आलात की बघू." आमची ही म्हणाली, "चला की मग, उशीर होतोय." मी मात्र एक्सप्रेसवेच्या दिशेला न वळता जुन्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे गाडी नेली. मी काही फार काळजी घेणारा माणूस नाही. पण टायरच्या बाबतीत माझ्या मनात एक वीस वर्षांहून जुनी बोच आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पंक्चरच्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी निघाला. इतिहासात कायम पस्तिसाच्या आसपास. मला पाहून तो हात पुसत पुढे आला.

"सर, तुम्ही? किती लांबून आलात?"

"अरे, एक किलोमीटरसुद्धा नसेल."

"मग बरंय. टायर थंड आहेत. गरम टायरचं माप खोटं येतं, सर. लांबून येऊन लगेच मापलं की हवा जास्त दाखवते, माणूस सोडून देतो आणि सकाळी टायर बसतो."

मग त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खांबावरचा एक छोटा कागद दाखवला. त्यावर चारही चाकांत किती हवा हवी ते छापलेलं होतं. इतकी वर्षं गाडीत चढता-उतरताना तो कागद माझ्या गुडघ्याशी होता आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. मी आपला टायरच्या अंगावरचा आकडा शोधत होतो. तो म्हणाला, "सर, तो आकडा टायरला जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा. तुमच्या गाडीला किती पाहिजे ते गाडी बनवणारा सांगतो, ते इथे."

कागदावर ३३ होते. त्याने चारही चाकं मापली. ३१, ३०, ३१ आणि मागचं डावं २४. तीन चाकांचं कारण सोपं होतं. हवा थंड झाली की आकसते. साधारण पाच-सहा अंशांनी पारा उतरला की दाब एक आकड्याने कमी होतो. शिवाय रबरातून थोडी हवा महिन्या-दोन महिन्यांत जातच असते. पण चौथ्याचं कारण वेगळं असणार. त्याने साबणाचं पाणी चोपडलं, आधी वॉल्व्हवर, मग रिमच्या कडेला, मग हळूहळू चाक फिरवत टायरच्या अंगावर. एका जागी बारीक बुडबुडे आले. आत एक स्क्रू रुतून बसला होता. तो काढून त्याने रबराची दोरी ठासली, चारही चाकांत ३३ हवा भरली आणि स्टेपनीसुद्धा तपासली. तिच्यात तर १८ च होती.

तरी दिवा विझेना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, जरा चालवा, मग विझेल." आणि खरोखरच, थोडं अंतर गेल्यावर तो विझला.

इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. समोर काहीही आलं की हे आलं कुठून असं विचारायचं. पुण्याहून परतल्यावर मी या दिव्याच्या मागे लागलो. मी मराठी माध्यमातला बी.ए., यंत्रातलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे जे समजलं ते माझ्या पद्धतीने सांगतो.

सुरुवात आमच्या पनवेलपासूनच करतो. चाकांच्या बाबतीत पनवेलचं नाव जुनं आहे. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. त्याला कारणही तसंच होतं. मुंबईहून माल गलबतांनी पनवेलच्या बंदरात यायचा आणि इथून गाड्यांवर लादून बोरघाटाकडे जायचा. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि वर्दळ वाढली. पुढे १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली आणि रस्त्याची ती मिजास उतरली, पण चाकं करणारे हात राहिले.

लहानपणी मी चाकावर धाव चढवताना पाहिलेली आहे. लाकडी चाकाभोवती बसवतात त्या लोखंडी पट्ट्याला आपल्याकडे धाव म्हणतात. किती नेमका शब्द आहे! धावेचं कडं चाकापेक्षा किंचित लहान केलेलं असायचं. गोवऱ्यांचा गोल रचून ते लाल होईपर्यंत तापवायचे, तापून फुगलं की सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि आकसलेली धाव चाकाला करकचून आवळून घ्यायची. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव सैल व्हायची आणि खडखडायची. गाडीवान तो खडखडाट ऐकून चाक पाण्यात भिजत घालायचा. म्हणजे चाक स्वतःच बोलायचं. त्याला निराळा दिवा लागत नसे.

हवेचं चाक आलं आणि हे बोलणं बंद झालं. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ते पुन्हा शोधून काढलं. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. हवेच्या चाकाने हादरे गिळले, वेग दिला. पण त्याची हवा गुपचूप कमी होते. खडखडाट नाही, काही नाही. त्यात आजचे रेडियल टायर मुळातच खाली थोडे फुगलेले दिसतात. चौथा हिस्सा हवा गेली तरी नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. आपल्या बापजाद्यांची टायरला लाथ मारून पाहायची पद्धत इथे कामाची नाही.

आणि हवा कमी असलेला टायर बसतो तेवढंच होत नाही, तो तापतो. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू दुमडते आणि उलगडते. लोखंडाची तार वाकवून-वाकवून तोडताना हाताला चटका बसतो ना, तसंच. जितकी हवा कमी, जितकं ओझं जास्त, जितका वेग जास्त, तितकी उष्णता जास्त. शेवटी रबर आणि आतल्या तारांची पकड सुटते.

हे अमेरिकेला फार महागात पडून कळलं. तिथे १९९० च्या दशकात फोर्ड एक्सप्लोरर नावाची उंच गाडी घरोघरी होती. तिच्या फायरस्टोन टायरांची वरची साल वेगात असताना सोलून निघायची आणि गाडी उलटायची. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत हे जास्त घडलं. ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. सरकारकडे नोंदल्या गेलेल्या तक्रारींत मृत्यूंचा आकडा पुढे २७१ वर गेला. मग एकमेकांकडे बोट दाखवणं सुरू झालं. गाडीवाले म्हणाले, टायर सदोष. टायरवाले म्हणाले, गाडीच उलटण्याजोगी, आणि तुम्ही लोकांना हवा फक्त २६ ठेवायला सांगता. जवळजवळ शंभर वर्षांचे त्यांचे संबंध २००१ मध्ये तुटले.

पण या भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली. १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. हवा कमी झाली तर चालकाला कळलं पाहिजे, अशी यंत्रणा नव्या गाड्यांत असावी, असं त्यात होतं. यंत्रणा अगदीच नवी नव्हती. १९८६ च्या पोर्शे ९५९ सारख्या महागड्या गाडीत ती आलेली होती. आता ती साध्या माणसाच्या गाडीत यायची होती. २००२ मध्ये नियम निघाला, त्यात एक पळवाट होती. चारांपैकी एकाच टायरची हवा कमी झाली तर ओळखणारी, म्हणजे स्वस्तातली यंत्रणा चालेल, अशी. लोकांच्या बाजूने लढणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती पळवाट बंद केली. कारण चारही टायरांची हवा सारखीच कमी झाली तर ही यंत्रणा गप्प बसली असती. २००५ मध्ये नवा नियम आला. एका किंवा चारही टायरांत ठरल्यापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. १ सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या लहान गाडीला तो सक्तीचा झाला. युरोपात २०१४ पर्यंत सगळ्या नव्या मोटारींत आला. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम केला की ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचं साहित्य आणि ही यंत्रणा असेल तर लहान गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल.

मी हिशेब करून पाहिला. ३३ चे २५ टक्के म्हणजे सव्वाआठ. ३३ मधून सव्वाआठ गेले की उरतात पावणेपंचवीस. माझं चाक होतं २४ वर. म्हणजे दिवा अगदी वेळेवर लागला होता. आणि याची दुसरी बाजू अशी की ३० वर आलेल्या टायरसाठी तो लागणार नव्हता. दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ काढू नये. तो शेवटची घंटा आहे, पहिली नव्हे.

हा दिवा लावणाऱ्या पद्धती दोन. एकीत प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हच्या मुळाशी, बॅटरीवर चालणारा छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. माझ्या गाडीत हीच आहे, म्हणून दिवा थोडं चालवल्यावर आपोआप विझला. दुसरीत आत काहीच नसतं. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित लहान होतो आणि तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. ब्रेकच्या यंत्रणेतले सेन्सर ते फेरे मोजतातच, त्यावरून ओळखायचं. अशा गाडीत हवा भरल्यावर बटण दाबून किंवा पडद्यावरच्या यादीत जाऊन "आता ठीक आहे" असं गाडीला सांगावं लागतं. ते न सांगता दिवा विझत नाही म्हणून लोक वैतागतात. आणि हवा न तपासता नुसतं सांगून टाकलं तर गाडी चुकीचंच माप बरोबर धरून बसते. दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर राहिला तर बिघाड यंत्रणेत आहे. बहुधा सेन्सरची बॅटरी संपलेली असते, ती पाच ते दहा वर्षं टिकते. किंवा टायर बदलताना पहारीचा धक्का लागून सेन्सर तुटलेला असतो. माझा विद्यार्थी सांगत होता की अशा वेळी काही जण दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतात. "सर, दिवा दिसला नाही की त्यांना बरं वाटतं."

आता त्या बोचीबद्दल.

ज्या २००० साली अमेरिकेत हा गदारोळ चालला होता, त्याच साली आमच्या दाराशी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा पहिला भाग खुला झाला. २००२ मध्ये कळंबोलीपासून पुण्यापर्यंतचा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आम्हां पनवेलकरांना त्याचं केवढं कौतुक! पण रस्ता नवा आणि गाड्या जुन्या. ज्या गाड्यांनी जन्मात साठच्या वर वेग पाहिला नव्हता, त्या रिमोल्ड टायरांवर शंभरने धावू लागल्या.

माझे एक सहकारी होते. विज्ञान शिकवायचे. त्यांनी हौसेने जुनी गाडी घेतली होती. २००३ च्या मे महिन्यात ते घरच्यांसह पुण्याला लग्नाला निघाले. मी सकाळी फिरायला गेलो होतो, त्यांच्या दारापाशी थांबलो. पाच माणसं, डिकीत बॅगा आणि आंब्याची पेटी. मला मागचं एक चाक बसल्यासारखं दिसलं. मी म्हटलंही, "अहो, हे चाक जरा बसलंय का?" ते हसले. "सामान आहे ना सर, म्हणून. पुढे पेट्रोलपंपावर बघतो." मी मान डोलावली. विज्ञानाच्या मास्तरांना इतिहासाच्या मास्तराने काय सांगायचं?

टोलनाका येण्याआधीच टायर फुटला. गाडी दुभाजकावर गेली. घरचे वाचले, ते गेले.

शाळेतल्या शोकसभेत बोलायला मलाच सांगितलं. मराठी बरं म्हणून असे प्रसंग माझ्याकडेच यायचे. मी बोललो की नियतीपुढे माणसाचं काही चालत नाही, एका क्षणात काळाने झडप घातली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर लोक म्हणाले, फार छान बोललात. चाकाबद्दल मी कुणालाच बोललो नाही. आमच्या हिलासुद्धा नाही.

२०२३ साली वर्तमानपत्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी वाचली. २५ ऑक्टोबर २०१० रोजी एक अडतीस वर्षांचा माणूस दोन सहकाऱ्यांबरोबर पुण्याहून मुंबईकडे येत होता. मागचं चाक फुटलं, गाडी खड्ड्यात कोसळली आणि तो गेला. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं. विमा कंपनी अपिलात गेली. तिचं म्हणणं होतं, टायर फुटणं ही देवाची करणी, त्यात चालकाचा निष्काळजीपणा कुठे? उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. देवाची करणी म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरचं, निसर्गाचं काहीतरी. टायर फुटण्याला वेग, कमी-जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान अशी कारणं असतात आणि प्रवासाआधी टायर तपासणं चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

ती बातमी मी दोनदा वाचली. माझं शोकसभेतलं भाषण आणि विमा कंपनीचा युक्तिवाद एकच होता. मी तो चांगल्या मराठीत केला होता, एवढाच फरक.

त्याच वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस जण गेले. चालक म्हणाला, टायर फुटला. परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे टायरचंही असं आहे. फुटला तर आपण देवावर ढकलतो आणि न फुटला तरी आपली चूक टायरवर ढकलतो.

आज मला कळतं की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, यंत्रातलं काही न कळणाऱ्या माणसाला चाक बसलेलं दिसलं, याचा अर्थ हवा फारच कमी होती. डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी दिवा लागला असता. त्या गाडीत दिवा नव्हता. त्या दिवशी त्या जागी मी होतो. एकदा विचारलं आणि गप्प बसलो.

वाचकहो, यात मी स्वतःला गुन्हेगार ठरवायला बसलेलो नाही. माझ्या सहकाऱ्यांची पत्नी आज पनवेलमध्येच असते. मागच्या महिन्यात तिच्याकडे जाऊन मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊजी, यांना मीही सांगितलं होतं पंपावर थांबा म्हणून. रांग होती, ते थांबले नाहीत." इतकी वर्षं तीही ते एकटीच बाळगून होती. निघताना तिने नातवाला हाक मारली आणि म्हणाली, "यांच्याकडून ते हवेचं माप कसं घ्यायचं ते शिकून घे."

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, तो मुलगा आणि मी आमच्या सोसायटीतल्या गाड्यांची हवा मापतो. माप दोन-तीनशे रुपयांना मिळतं. वहीत आकडे लिहून ठेवतो आणि ज्याच्या गाडीत कमी असेल त्याची बेल वाजवतो. रविवारी सकाळी बेल वाजवली म्हणून काही जण रागावतात. रागावू देत.

आणि शोकसभेतलं ते वाक्य मी इथे, उशिरा का होईना, मागे घेतो.